ताम्रपटावरचा थेंब

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरून कळव्याच्या दिशेने निघालं की मध्यवर्ती कारागृहाची जुनी दगडी भिंत लागते. हा मूळचा किल्ला. पोर्तुगिजांनी तो १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. १७८७ साली इथे नव्या कामासाठी पाया खणताना मातीतून संस्कृत मजकूर कोरलेले तांब्याचे पत्रे निघाले. जनरल कार्नॅक यांनी ही बातमी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवली, रामलोचन नावाच्या पंडितांनी मजकुराचा अर्थ लावून दिला आणि सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. ठाण्याच्या जमिनीतून निघालेला एक विचार असा थेट युरोपातल्या वाचकांपर्यंत पोचला.

तो ताम्रपट होता शिलाहार राजा अरिकेसरीचा. शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७. चंद्रग्रहणाच्या पर्वावर राजाने एका ब्राह्मणाला जमीन दिली, त्याचं हे दानपत्र. दानपत्रांचा साचा ठरलेला असतो. आधी देवाचं स्मरण, मग राजाची वंशावळ आणि बिरुदं, मग दान घेणाऱ्याचं नाव-गोत्र, जमिनीच्या चतुःसीमा आणि शेवटी दान हिसकावून घेणाऱ्याला शाप. हा ताम्रपटही त्याच साच्यातला आहे. पण बिरुदं संपल्यावर आणि जमिनीचा तपशील सुरू होण्याआधी तो जरा थांबतो. महसुलाच्या कागदात ज्याची आपण अपेक्षा करत नाही, असं काही तिथे लिहिलेलं आहे.

वैभव चंचल आहे, असं तो सांगतो. तारुण्य क्षणात मोडणारं आहे आणि आयुष्य कृतांताच्या दातांमध्ये अडकलेलं आहे. म्हातारपण ही राक्षसीण. ती तारुण्याच्या घरात शिरते आणि सगळ्यांच्या देखत त्याला गिळून टाकते. संपत्ती आणि जीव कसे, तर वाऱ्याने हलणाऱ्या कमळाच्या पानावरच्या पाण्याच्या थेंबासारखे. आणि जग कसं, तर केळीच्या गाभ्यासारखं. ज्याने केळ तोडल्यावर तिची सोपटं एकेक करून सोलली आहेत त्याला हे निराळं समजावून द्यावं लागत नाही. सोपटामागे सोपट निघत राहतं आणि शेवटी हाताला लागावं असं टणक काहीच उरत नाही.

कमळाच्या पानावरचा थेंब आपल्या बोलण्यात अजून आहे, फक्त पान बदललंय. आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. अळूवडीसाठी पानं धुताना ते पाणी पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळतं आणि पान कोरडंच राहतं. संस्कृत पंडिताने राजदरबारासाठी वापरलेली प्रतिमा मराठी स्वयंपाकघरात रुळली आणि तिला नऊशे-हजार वर्षांत कुणी बदलायची गरज पडली नाही.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती हॉलंडमधली सतराव्या शतकातली चित्रं. टेबलावर कवटी, शेजारी घड्याळ, विझलेला दिवा, साबणाचा बुडबुडा. युरोपीय कलेच्या इतिहासात या जातीच्या चित्रांना ‘व्हॅनिटास’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ पोकळपणा, निरर्थकता. बायबलातल्या उपदेशक नावाच्या पुस्तकातून तो आला, आणि त्यामागचा मूळ हिब्रू शब्द ‘हेवेल’ म्हणजे वाफ, तोंडातून निघालेला श्वास. थंडीत तोंडापुढे दिसते आणि विरून जाते, ती वाफ. थेंब, बुडबुडा, वाफ: ठाण्याचा पंडित, हॉलंडमधल्या लायडनचा चित्रकार आणि त्याहून कितीतरी आधीचा हिब्रू लेखक, तिघांनाही नेमकं पाणीच सापडावं याचं मला फार नवल वाटतं.

पण साम्य एवढ्यावर थांबत नाही. खरा प्रश्न हा की जमिनीच्या दानपत्रात मृत्यूची आठवण काढायचं कारण काय? उत्तर त्याच पत्र्यावर आहे. इतकं सगळं नश्वर असूनही माणसं परलोकाची तजवीज करत नाहीत, याबद्दल तिथे आश्चर्य व्यक्त केलंय, आणि मग लगेच दान येतं. हा युक्तिवाद आहे. थेंब आणि केळ या त्यातल्या पायऱ्या आहेत, शेवटची पायरी म्हणजे जमीन देणं. आणि दान टिकणार किती काळ? चंद्र-सूर्य असेपर्यंत. ‘आचंद्रार्क’ हा शब्द आपल्या दानपत्रांत आणि सनदांत शेकडो वर्षं राहिला. काहीच टिकत नाही हे सांगायला राजाने तांबं निवडलं, ताडपत्र नव्हे. यात मला विसंगती दिसत नाही. आपण जाणार हे पुरतं पटलेल्या माणसाचीच ही घाई असते.

याच शिलाहारांच्या मुलखात, आज लोकलने तासाभरात फिरून होईल एवढ्या टापूत, मृत्यूची दगडी चित्रंही आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरचे सहा वीरगळ त्यांत सगळ्यांत प्रसिद्ध. त्यांच्यातल्या काहींवर वल्ह्यांच्या गलबतांची लढाई कोरलेली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी लढाईशी अभ्यासक ती जोडतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई आणि पडलेला वीर, त्याच्यावर अप्सरा त्याला उचलून नेतायत, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर कलश, चंद्र आणि सूर्य. सतीशिळेवर याहून कमी असतं: कोपरात वाकलेला एक हात, मनगटात न फुटलेला चुडा, आणि वर पुन्हा तेच चंद्र-सूर्य. या हाताकडे मला फार वेळ बघवत नाही. ज्या बाईचा तो हात, तिला कुणी विचारलं होतं का, हे त्या दगडावर कुठेच नाही.

आपल्या या दगडांवर कवटी नसते. मेलेला माणूस कुजताना दिसत नाही, वर जाताना दिसतो. सापळा आपल्याकडे कोरलाच नाही असं मात्र नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात, रामेश्वरात, सप्तमातृकांच्या सोबतीला हाडं आणि बरगड्या मोजता येतील असा एक सापळा कोरलेला आहे. तो काळ. मराठीत आणि संस्कृतात काळ म्हणजे वेळही आणि मरणही. डच चित्रकाराला या दोन गोष्टी सांगायला टेबलावर दोन वस्तू मांडाव्या लागल्या, घड्याळ आणि कवटी. आपल्याकडे ते काम एका शब्दाने केलंय.

आता लायडनकडे. सतराव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत या चित्रांचं माहेर तेच होतं, आणि त्याला कारण आहे. लायडनला १५७५ पासून विद्यापीठ होतं आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे शरीरविच्छेदनाचं गोल प्रेक्षागृह उभं राहिलं. हिवाळ्यात थंडीमुळे प्रेतं टिकत, तेव्हा तिथे विच्छेदन चाले; एरवी तिथे माणसांचे आणि प्राण्यांचे सापळे मांडून ठेवलेले असत आणि काही सापळ्यांच्या हातात माणसाच्या नश्वरतेची वचनं लिहिलेली निशाणं दिलेली असत. १६१० च्या एका छापील चित्रात हे सगळं दिसतं. लोक हौसेने बघायला येत. कवटी समोर ठेवून ती हुबेहूब रंगवणं या गावातल्या चित्रकाराला अवघड नव्हतं आणि विकत घेणाऱ्यालाही ती ओळखीची होती.

या जातीचं, केवळ वस्तूंचं, सगळ्यांत जुनं मानलं जाणारं चित्र याक दे घेइन याचं, १६०३ सालचं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. भिंतीतल्या कोनाड्यात एक कवटी, तिच्यावर तरंगणारा मोठा पारदर्शक बुडबुडा, एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला धूर, पुढ्यात नाणी. आणि वरच्या दोन कोपऱ्यांत दोन ग्रीक तत्त्वज्ञ, एक जगाकडे बघून हसणारा, एक रडणारा. माणूस म्हणजे बुडबुडा, ही रोमन काळापासूनची म्हण होती आणि सोळाव्या शतकात इरॅस्मसने आपल्या म्हणींच्या संग्रहात ती घेतल्यावर ती घरोघरी पोचली. पुढे बुडबुडे उडवणारं मूल हा युरोपीय चित्रांतला नेहमीचा विषय झाला.

मला त्याहून जास्त गुंतवून ठेवतं ते हार्मेन स्टेनवाइकचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र, १६४० च्या आसपासचं. लाकडी फळीवर रंगवलेलं, फार मोठं नव्हे. डावीकडून वरून एक तिरकी उजेडाची तिरीप येते आणि नेमकी कवटीच्या कपाळावर पडते. बाकी वस्तू तिच्याभोवती गर्दी करून बसल्यात: पुस्तकं, सनईच्या जातीचं वाद्य, बासरी, पालथी ठेवलेली ल्यूट, जपानी तलवार, एक मोठा चकचकीत शंख, घड्याळ आणि नुकताच विझलेला दिवा. दिव्याच्या तोंडातून धुराची बारीक रेघ अजून निघतेय. ती रेघ बघितल्यावर कळतं की आपण आत्ताच, क्षणभर उशिरा, खोलीत आलोय.

यातली एकही वस्तू उगाच नाही. पुस्तकं म्हणजे विद्या, तलवार म्हणजे सत्ता, वाद्यं म्हणजे सुख. वाद्याचा स्वर वाजता वाजताच संपतो म्हणून ती सगळ्यांत नेमकी. शंखाकडे मात्र थांबून बघायला हवं. युरोपात अशा शंखांना त्या काळी वेडी किंमत होती आणि ते यायचे पूर्वेच्या समुद्रांतून, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून. ही कंपनी १६०२ साली निघाली आणि गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करण्यासाठी १६३७ मध्ये तिने आपल्या वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं. डच वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात आजही आहेत. स्टेनवाइकच्या टेबलावरचा शंख कोकणातला असं मी म्हणत नाही, पण तो आणि ती वखार एकाच व्यापाराची दोन टोकं आहेत. कोळ्याची पोरं वाळूत टाकून देतात ती वस्तू तिथे श्रीमंतीची खूण झाली, आणि चित्रकाराने ती पुन्हा मूळ अर्थावर आणून ठेवली. शंख म्हणजे आतला जीव मेल्यावर मागे राहिलेलं रिकामं घर.

मिऱ्यांचंही तसंच. त्या काळच्या न्याहारीच्या डच चित्रांत पाव, मासा, अर्धवट सोललेलं लिंबू यांच्याशेजारी कधीकधी मिऱ्यांची एक पुडी दिसते. ती पुडी बांधलेली असते छापील पंचांगाच्या फाडलेल्या पानाची. वर्ष सरलं, पंचांग रद्दी झालं, त्याच्या पानात वाण्याने मिरी बांधून दिली. वर्तमानपत्राच्या पुडीतून दाणे खाल्लेल्या आपल्या पिढीला हे चित्र परकं वाटू नये. अख्ख्या व्हॅनिटास परंपरेतली ही सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत नेमकी खूण आहे असं माझं मत आहे, कवटीपेक्षाही. तिच्यात कुणी कुणाला उपदेश करत नाही.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपण ठाणे-कल्याणचे लोक गाडीला नावाने नाही, मिनिटाने ओळखतो. आठ सतराची चुकली तर आठ एकवीसची. या चित्रांतलं खिशातलं घड्याळ, निळ्या रेशमी फितीला किल्ली बांधलेलं, झाकण उघडं टाकलेलं, नीट पाहिलं तर त्याला बहुधा एकच काटा असतो. तासाचा. क्रिस्टियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं आणि १६७५ मध्ये खिशातल्या घड्याळासाठी नाजूक वेटोळी स्प्रिंग आणली, तेव्हा कुठे घड्याळं मिनिट दाखवण्याइतकी भरवशाची झाली. म्हणजे स्टेनवाइकच्या पिढीला वेळ निसटतो हे कळत होतं, पण मिनिटामिनिटाने निसटताना दिसत नव्हतं. ठाण्याला मिनिटांचा हिशेब शिकवला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली, आणि पुढल्या वर्षी रूळ कल्याणला भिडले.

त्याआधी आपल्याकडे घटिकापात्र होतं. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. एक घटका झाली. २४ मिनिटं. घटकेत ६० पळं, आणि अशा ६० घटकांची एक अहोरात्र. लग्नाच्या मुहूर्तासाठी जोशीबुवा हे पात्र घेऊन बसत. युरोपातल्या चित्रांत याच जागी वाळूचं घड्याळ येतं. दोघांत एक फरक आहे. वाळूचं घड्याळ रिकामं होतं, आपली वाटी भरते. ‘शेवटच्या घटका मोजणे’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पुरतं भरत आलेलं, काठाशी पोचलेलं पात्र असतं. आयुष्य ओसरतं असं तिकडच्या चित्रकाराने पाहिलं. आपल्या भाषेने ते भरत येताना पाहिलं.

फळांची आणि फुलांची गोष्ट इटलीपासून सुरू करावी लागते. मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात काराव्हाज्जोची फळांची टोपली आहे, सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरची. द्राक्षं, अंजिरं, सफरचंद. सफरचंदाला किड्याने पाडलेलं भोक आहे आणि उजवीकडची पानं सुकून गुंडाळली गेलीत. कवटी नाही, घड्याळ नाही, तरी सगळं सांगून झालंय. पुढे हॉलंडमध्ये फुलदाण्यांची चित्रं फार खपली. त्यांतल्या पुष्कळ फुलदाण्या खऱ्या जगात कधी असूच शकत नव्हत्या, कारण वसंतातलं ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब चित्रकार एकाच गुच्छात बांधायचा. तो महिनोन्महिने वेगवेगळी फुलं फुलतील तशी रंगवत जायचा. चित्र वाळेपर्यंत त्यातलं पहिलं फूल केव्हाच कचऱ्यात गेलेलं असायचं. ट्यूलिपच्या कंदांचे भाव तर घरांच्या किमतींना भिडले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये एकाएकी कोसळले.

फुलं रंगवणाऱ्यांत राखेल रॉइश या बाईंचं नाव मला आवर्जून घ्यावंसं वाटतं. १६६४ चा जन्म, १७५० मध्ये मृत्यू. वडील अ‍ॅमस्टरडॅमचे नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ. ते अर्भकांचे सापळे जतन करून त्यांचे देखावे रचायचे. त्या घरात वाढलेल्या मुलीने साठ वर्षांहून जास्त काळ फुलं रंगवली, दहा मुलं वाढवली, आणि उतारवयात चित्रावर सहीसोबत आपलं वयही लिहायला सुरुवात केली. १७४७ साली रंगवलेल्या चित्रावर ८३ हा आकडा आहे. गळत्या पाकळ्या आणि मुंग्या रंगवून रंगवून त्या हातानेच शेवटी आपली तारीख टाकली.

वय लपवण्याऐवजी रंगवण्याचा याहून धाडसी प्रकार स्टेनवाइकच्या मामाने, डेव्हिड बाइलीने, १६५१ मध्ये केला होता. चित्रात एक तरणा चित्रकार बसलाय आणि त्याने हातात म्हाताऱ्या माणसाचं छोटं चित्र धरलंय. भोवती कवटी, नाणी, विझलेली मेणबत्ती, कोमेजती फुलं आणि हवेत बुडबुडे. आधी वाटतं, तरुण आपल्या वडिलांचं चित्र दाखवतोय. पण बाइली तेव्हा ६७ वर्षांचा होता. खरा तो म्हणजे चौकटीतला म्हातारा. आणि तरुण, ज्याला आपण जिवंत समजलो, तो चाळीसेक वर्षांपूर्वीचा, आता कुठेच नसलेला. समजुतीची ही पलटी मला दर वेळी नव्याने लागते.

इथे पुन्हा तोच प्रश्न येतो: हे घेत कोण होतं आणि कशासाठी? घेणारे होते व्यापारी, प्राध्यापक, गावातले खाऊन-पिऊन सुखी लोक. संपत्ती पोकळ आहे हे सांगणारं चित्र स्वतः पैसे मोजून घेतलेलं असायचं आणि त्यातली प्रत्येक मौल्यवान वस्तू डोळे निववील अशी रंगवलेली असायची. याला काही टीकाकार ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. कॅल्व्हिनच्या पंथाने देवळांतून संतांची चित्रं काढून टाकली होती. ज्याला भिंतीवर काहीतरी सत्य हवं होतं त्याने आपल्याच टेबलावरच्या वस्तूंना बोलतं केलं. आवडत्या वस्तूकडे, ती जाणार हे जाणून, नीट बघणं ही छोटी गोष्ट नव्हे.

कॅथलिक देशांत हेच काम जास्त मोठ्या आवाजात झालं. ‘बरोक’ हे नावच मुळी वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आलं असं मानतात, आणि सेव्हिलमध्ये त्याचं रौद्र रूप दिसतं. तिथल्या कारिदाद इस्पितळाच्या चर्चसाठी ह्वान दे व्हाल्देस लेआल याने १६७२ च्या सुमारास दोन प्रचंड चित्रं केली. एकात सापळा काखेत शवपेटी आणि विळा घेऊन येतो आणि हाताने मेणबत्ती विझवतो. पायाखाली मुकुट, चिलखतं, ग्रंथ. दुसऱ्यात उघड्या पेटीत बिशपाचं प्रेत, त्यावर किडे, आणि वरून आलेल्या एका हातात तराजू. रोममध्ये बेर्निनीने पोप सातव्या अलेक्झांडरच्या समाधीत, १६७८ मध्ये, संगमरवरी वस्त्राखालून वाळूचं घड्याळ उंचावणारा सापळा बसवला. पण सेव्हिलची चित्रं कुठे लावली होती ते महत्त्वाचं. ती राजवाड्यात नव्हती. ज्या धर्मादाय मंडळाचं ते चर्च, त्याचं काम होतं बेवारशांना आणि फाशी गेलेल्यांना मूठमाती देणं, आजारी गरिबांना सांभाळणं. आत येणाऱ्या पैसेवाल्याने आधी प्रेत बघायचं आणि मग दानाला हात घालायचा. अरिकेसरीच्या ताम्रपटातला क्रम हाच: आधी यमाचे दात, मग जमीन.

हाच कॅथलिक बरोक आपल्या किनाऱ्यावर आला. सोळाव्या शतकात ठाणं आणि वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं इथे चर्च, मठ उभे राहिले. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये फरशीसारखी बसवलेली थडगी आहेत, घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं हे थडगं, असा मजकूर अशा दगडांवर असतो. जुन्या गोव्यात अशा दगडांवर कवटी आणि तिच्याखाली फुलीसारखी दोन हाडं सापडतात. स्टेनवाइकची कवटी टेबलावर ठेवलेली आहे. ही माणसांच्या पायाखाली आहे, प्रार्थनेला जाताना तिच्यावरूनच जावं लागतं. बॉम जेझुस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फॉज्जिनी याने घडवली आणि १६९८ मध्ये ती गोव्यात बसवली गेली. इटालियन बरोक शिल्प त्याच्या मूळ जागी, मूळ कामासाठी बघायचं तर मराठी माणसाला रात्रीची गाडी पुरते.

त्या चर्चपासून जवळच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मठ होता. १६०२ पर्यंत बांधून झालेला, ४६ मीटर उंच मनोऱ्याचा. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आली आणि मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग ढासळला. आज अर्धा मनोरा उभा आहे. त्याच्या मोठ्या घंटेने मात्र आपली वाट काढली. छत पडण्याच्या सुमारास ती आग्वादच्या दीपगृहात गेली, आणि १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

वसईच्या घंटांचं आणखी वेगळं झालं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदाकाठी, पंचवटीत, पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं. राखेल रॉइश फुलांवर आपलं वय लिहीत होत्या तेच साल. त्या देवळाच्या दाराशी वरच्या कमानीत पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. समुद्राकाठी जी प्रार्थनेच्या वेळा सांगायला ओतली होती, ती घंटा नदीकाठी आली आणि वेळेऐवजी पाणी सांगू लागली. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, छातीला लागलं. आणि पाऊस थांबेना तेव्हा एकमेकांना विचारतात, नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचलं का.